काकाजींची लाल चिठ्ठी

काकाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नाच्या पंगतीत. ते माझ्या शेजारी बसले होते आणि माझ्या ताटातलं शीत दाबून पाहत होते. त्यांच्या ताटात अजून भात पडला नव्हता. वाढणारा माझ्यापर्यंत येऊन बादली भरायला परत गेला होता, आणि तेवढा वेळ थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्यांनी ते शीत चिरडलं, बोटं डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "कणी राहिली. चार जणांचं तरी पोट दुखन." मग स्वतःच्या ताटात भात पडल्यावर त्यांनी तो दोनदा मागून खाल्ला. कोणाचं पोट दुखलं ते मला माहीत नाही. माझं दुखलं नाही, पण दुसऱ्या दिवसापर्यंत मी त्याची वाट मात्र पाहिली.

दुसऱ्या दिवशी जवाहरनगरच्या फॅक्टरीत रुजू झालो, तर तेच गृहस्थ माझे वरिष्ठ निघाले. क्वार्टर मिळालं तेही त्यांच्या शेजारचंच. तेव्हा भंडारा जिल्हा नुकताच फुटला होता, गोंदिया वेगळं झालं होतं, आणि चहाच्या टपरीवर सगळीकडे तोच विषय होता. काकाजींचं म्हणणं एवढंच की अर्धा जिल्हा तिकडे देण्याआधी कोणी नमुना तपासला होता का? कोणता नमुना, असं मी नवखेपणानं विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानंतर मी बरेच दिवस काही विचारलं नाही.

आमच्या विभागात मालाची तपासणी होई. कोणता माल, हे बाहेर सांगायची तेव्हा मनाई होती आणि माझी ती सवय अजून सुटलेली नाही. एवढं सांगतो की त्या मालाचा नमुना तपासायचा म्हणजे तो जाळून पाहायचा. एका खेपेला बनलेल्या सगळ्या मालाला लॉट म्हणत. लॉटमधले थोडे नग काढायचे, जाळायचे, आणि त्यांच्यावरून उरलेल्या सगळ्यांचा निकाल लावायचा. पास झाला तर लॉट बाहेर जाई. नापास झाला तर त्याला लाल चिठ्ठी लागे, तो वेगळ्या कोठीत जाई, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत त्याला कोणी हलवायचं नाही, दुसऱ्या मालात मिसळायचं नाही. विभागात नवीन आलेल्या प्रत्येकाला काकाजी पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवत, "लॉटचं सांगता येते. नगाचं सांगता येत नाही." नापास लॉटमधले बहुतेक नग चांगलेच असतात, पास लॉटमध्येही एखादा कुचका निघतो; पण कोणता, ते जाळल्याशिवाय कळत नाही आणि जाळल्यावर कळून उपयोग नसतो. मला ते वाक्य तेव्हा फार मोठं वाटलं. हळूहळू लक्षात आलं की फॅक्टरीच्या फाटकाबाहेर पडताना काकाजी ते वाक्य आतच ठेवून येतात.

बाहेर त्यांना एकच शीत पुरे. बाजारात एक वांगं मोडून ते अख्खा ढीग नाकारत. नवीन साहेब आला की त्याची पहिली सही पाहून त्याची बदली कधी होईल ते सांगत. माझ्या सोयरिकीच्या वेळी मुलगी पाहायला माझ्यासोबत आले, आलेल्या पोह्यांतला एक पोहा जिभेवर ठेवला आणि मला कोपरानं ढोसून म्हणाले, "पास." लग्न झालं, संसार बरा चालला, आणि त्या पोह्याच्या जोरावर ते कायम माझ्या संसाराचं श्रेय घेत राहिले. पोहे बायकोच्या मावशीनं केले होते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

बिनतपासणीची एकच गोष्ट त्यांच्या घरात होती. त्यांच्या वडलांनी छप्पन साली नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेतली होती. काकाजी म्हणत, "बाबानं तेवढं शीत न दाबता घेतलं. अन् तेवढंच पक्कं निघालं." हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच होई. मला ते त्या वेळी फार आवडत.

काकू या सगळ्याच्या पलीकडच्या होत्या. त्या पवनी तालुक्यातल्या आसगावच्या सुनबाई. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूसोबत धानाची एक रोवणी, म्हणजे लावणी, केली आणि मग नवऱ्याच्या नोकरीपायी क्वार्टरात येऊन राहिल्या. सगळं आयुष्य त्या फॅक्टरीच्या भोंग्यावर उठल्या, भोंग्यावर डबा भरला आणि भोंग्यावर दाराकडे पाहिलं. आसगावला त्यांच्या वाट्याच्या दोन खोल्या आणि धानाच्या शेतीच्या थोड्या बांध्या होत्या. बांध्या चुलत दीर करत. निवृत्तीनंतर त्या दोन खोल्या शाकारायच्या, आपल्या बांधीत आपल्या हातानं रोवणी करायची आणि भोंगा ऐकायचा नाही, एवढंच त्यांना हवं होतं. काकाजींनी ते कबूलही केलं होतं. छपरासाठी नवे कवेलू, म्हणजे कौलं, घेऊन क्वार्टराच्या अंगणात रचून ठेवले होते.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना फॅक्टरीच्या बसमध्ये काकाजींच्या छातीत कळ आली. जन्मभर एका शितावर निकाल देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या छातीतली एक कळ मात्र पुरेशी वाटली नाही. दुसरी येऊ द्या, मग पाहू, असं म्हणून ते बसून राहिले. दुसरी आली ती विभागाच्या दारात. तिथून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, आणि बंद पडलेल्या नळीत स्प्रिंग बसवूनच तो दिवस संपला.

मी भेटायला गेलो तर आजारी माणूस खुशीत. तिथं त्यांचं रक्त काढत, काही तासांनी पुन्हा काढत आणि दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहत. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो. किती उतरला यावरून इजा किती ते समजतं. काकाजींनी नर्सला मानक किती आणि सूट किती असं विचारून हैराण केलं होतं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आपल्याच लाइनीतले लोक आहेत हे."

शेजारच्या खाटेवर लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचे एक गृहस्थ होते. तेही हृदयाच्याच झटक्यानं आलेले. त्यांचा धंदा बोडीत, म्हणजे गावाकडच्या लहान तळ्यात, मासे धरण्याचा, आणि डोळे उघडल्यापासून त्यांना एकच काळजी की आपल्या माघारी बोडीतले मासे कोण राखत असेल. दोघांची चांगली गट्टी जमली. एक बोडीचं सांगे, दुसरा लॉटचं, आणि कोणीच कोणाचं ऐकत नसे.

सुटी देण्याआधी तिथल्या तरुण डॉक्टरनं दोघांची आणखी एक तपासणी केली, प्रो-बीएनपी नावाची. हृदयावर ताण पडला की ते स्वतःच हा पदार्थ रक्तात सोडतं, आणि झटक्यानंतर पुढं काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, असं त्यानं समजावून सांगितलं. दिघोरीवाल्यांचा आकडा मानकाच्या आत आला. काकाजींचा कितीतरी वर. डॉक्टर म्हणाला की अशा आकड्याच्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांना पुढं पुन्हा त्रास होतो. म्हणजे मला होणार का, असं काकाजींनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, "तुमचं एकट्याचं मला सांगता येत नाही, काका. गोळ्या घ्या, चालत जा, जपा." म्हणजे त्या मुलानं काकाजींचंच वाक्य काकाजींना ऐकवलं. पण काकाजी त्या वेळी फॅक्टरीच्या फाटकाबाहेर होते.

घरी येऊन काकाजींनी स्वतःला नापास केलं. कोणाच्या तरी लग्नाच्या लाल पत्रिकेची पाठ कापून चिठ्ठी केली, तिच्यावर 'नापास. हलवू नये' असं सुवाच्य लिहिलं आणि सुतळीनं आपल्या बाजेच्या पायाला बांधली. आधी आम्हाला ती थट्टा वाटली. मग चप्पल तुटली तरी त्यांनी नवी घेतली नाही, कारण नापास मालावर खर्च करत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढला, तोही तसाच राहिला. गोळ्या मात्र वेळच्या वेळी घेत. मी टोकलं तर म्हणाले की नापास माल झाला तरी त्याच्या साठवणुकीचे नियम असतात.

निवृत्ती झाली आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. काकूंनी आसगावला जायची बांधाबांध सुरू केली. काकाजींनी फाट्याजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, भोंगा ऐकू येईल अशा अंतरावर. पुढचा हुकूम येईपर्यंत नापास लॉट हलवत नाहीत, असं ते म्हणाले. कवेलू त्यांच्या अंगणात होते ते आमच्या अंगणात आले आणि त्यांच्यावर शेवाळ धरायला लागलं.

दर खेपेला तपासणीला मीच त्यांना घेऊन जाई. आकडा हळूहळू उतरत होता. डॉक्टर खूश होऊन म्हणे, कमी झालाय. काकाजी म्हणत, मानकाच्या वर आहे ना? हो, डॉक्टर म्हणे, थोडा आहे. मग काकाजी माझ्याकडे पाहून मान हलवत. आपला शब्द खरा ठरल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर इतकं स्वच्छ दिसे की मला त्यांचा राग येई. गावाकडे राहिलात तर उलट बरं, हलकी कामं करा, असंही डॉक्टरनं सांगितलं होतं. काकू घरी वाट पाहत असायच्या. मी चप्पल काढायच्या आत विचारायच्या, "झाले का जी पास?" नाही म्हटलं की त्या चहा टाकायच्या.

मग दिघोरीहून फोन आला. बोडीवाले भाऊ गेले होते.

काकाजींनी बाजेवर बसूनच ते ऐकलं. म्हणाले, "तो तं पास होता." त्यांना दुःख झालं होतं यात शंका नाही, पण दुःखापेक्षा हिशेब चुकल्याचा धक्का मोठा होता. आपण दिघोरीला जाऊ, असं ते म्हणाले. चिठ्ठी लागल्यापासून दवाखाना सोडून ते पहिल्यांदाच कुठं जायला निघाले होते. माझ्या जुन्या गाडीतून आम्ही तिघं गेलो.

दिघोरीला अंगणात जाळं वाळत घातलेलं होतं. भाऊंची बायको भिंतीला टेकून बसली होती. काकू तिच्याजवळ जाऊन बसल्या. काकाजींनी रीतीप्रमाणे हात जोडले आणि मग भाऊंच्या मोठ्या मुलाला विचारलं की शेवटचा रिपोर्ट त्याच लॅबचा होता ना? मी खाली पाहिलं. पण मुलाला त्यात काही वावगं वाटलं नसावं. तो शांतपणे म्हणाला, "रिपोट चांगलाच होता जी. म्हणून तं बाबा घरी आल्यापासून रोज बोडीवर जाऊन राहिले होते. त्या दिशी जाळं टाकलं अन् म्हणे, जरा बसतो. बसले ते बसलेच."

निघताना भाऊंच्या बायकोनं त्याच बोडीतला एक मासा पानात बांधून दिला. काकाजींनी तो घेतला, पान सोडलं आणि सुतकाच्या घरात, सगळ्यांसमोर, कल्ला उघडून तांबडा आहे का ते पाहिलं. काकूंनी त्यांच्या हातातून मासा काढून घेतला आणि गाडीत जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर काकाजी स्वतःशीच म्हणाले की लॉट तर पास होता. मी संधी सोडली नाही. नगाचं सांगता येत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं ना, असं म्हटलं. ते चिडले. म्हणाले, पास लॉटमधला एक नग फसला म्हणून नापास लॉट पास होत नाही. ते बरोबरच होतं. त्यांच्याशी वाद घालण्यात हीच अडचण असे. त्यांचं म्हणणं बरोबर असे आणि तरी त्यातून भलतंच निघत असे.

तेव्हा मागच्या सीटवरून काकू बोलल्या. आवाज चढवला नाही.

"तुमच्या लॉटात मी बी आहो ना जी? माहं रक्त कोणं तपासलं? मले कायले चिठ्ठी लावली?"

काकाजी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, नाहीतर कुठं पाहावं हे मला कळलं नसतं.

त्याच आठवड्यात काकूंनी आसगावच्या चुलत दिराला टेम्पो घेऊन बोलावलं. भांडी चढवली, कपाट चढवलं. काकाजी बाजेवर बसून पाहत होते आणि काकू एकेक वस्तू उचलून त्यांच्यासमोरून नेत होत्या. बाज तेवढी ठेवली, कारण तिच्यावर हलवू नये असं लिहिलं होतं. वाटेत आमच्या अंगणातले कवेलू चढवले, माझ्या दारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पास झाले तं धाडून द्या."

काकाजी एकटे राहिले आणि स्वतः भात शिजवू लागले. शीत दाबून पाहायचे, कच्चं म्हणायचे, पाणी घालायचे, पुन्हा दाबायचे, आणि शेवटी पेज व्हायची. माझी बायको डबा पाठवायची. डब्यातलं शीतही ते दाबत, पण कोणाला निकाल सांगायचा हे त्यांना समजत नसे. मी जाऊन बसलो की आसगावकडून काही फोन आहे का असं आडून विचारत. नसे. काकू फोन करत त्या माझ्या बायकोला, आणि काकाजींनी गोळ्या घेतल्या का एवढंच विचारून ठेवत.

एका सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. आसगावचे कवेलू नीट बसले आहेत का, ते तपासायला जायला हवं म्हणाले. म्हणजे फक्त तपासणीला, राहायला नाही. मी म्हटलं, माल हलवायचा नसतो ना? त्यांनी खिशातून सुतळीसकट ती लाल चिठ्ठी काढून दाखवली. माल हललाच तर चिठ्ठी मालासोबत गेली पाहिजे, असाही एक नियम असल्याचं त्यांनी मला सांगितलं. इतकी वर्षं त्या विभागात काढली, पण हा नियम मी तेव्हाच ऐकला.

आसगावला पोचलो तर काकू चुलीपुढे होत्या. या, असं म्हणाल्या आणि दोन ताटं मांडली. कवेलूंचं नावही कोणी काढलं नाही. ताटात भात पडला आणि काकाजींचा हात आपोआप शिताकडे गेला. काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"शीत नोका दाबू. जेवा."

काकाजी जेवले. पहिला घास, दुसरा घास, सगळं ताट. मी बाजूला बसून जेवत होतो आणि माझे डोळे भरून आले होते. खरं सांगायचं तर सरपण ओलं होतं आणि भातात कणी राहिली होती. त्यांच्या तोंडाला ती कळली नसेल असं होणंच शक्य नाही. ते काही बोलले नाहीत. परत येताना गाडीत मी एकटाच होतो.

लाल चिठ्ठीचं पुढं काकूंनी पाहिलं. कोंबड्यांना टाकायच्या तांदळाच्या चुरीच्या पोत्याला त्यांनी ती बांधून टाकली, चुकून कोणी ती चुरी भातासाठी घेऊ नये म्हणून. माझ्या मते ती तेव्हा पहिल्यांदा योग्य जागी लागली.

काकाजी आता नाहीत. आसगावला ते, मला भीती होती त्यापेक्षा पुष्कळ जास्त राहिले आणि काकूंना हवे होते त्यापेक्षा कमी. त्यांच्या जाण्याचा आणि त्या आकड्याचा संबंध होता की नव्हता, ते कोणी शोधत बसलं नाही. तो प्रश्न ज्याला पडला असता तो एकच माणूस होता.

मला आठवतो तो रोवणीचा एक दिवस. भंडाऱ्याला येऊन त्यांनी तपासणीसाठी रक्त दिलं होतं आणि रिपोर्ट घेऊन मी आसगावला गेलो होतो. आकडा पुन्हा वाढला होता. वाटेत सगळा वेळ मी कसं सांगावं याचा विचार करत होतो. काकू चार बायकांसोबत बांधीत वाकल्या होत्या. काकाजी नवी चप्पल काढून ठेवून बांधीच्या धुऱ्यावर उभे होते आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या बायकांकडे फेकायचं हलकं काम करत होते. हात चिखलाचे, म्हणून कागद मलाच त्यांच्या डोळ्यांपुढे धरायला लावला.

"वाढला," ते म्हणाले.

डॉक्टरनं याच आठवड्यात बोलावलंय, असं मी सांगितलं. जाऊ म्हणाले, उद्याच जाऊ. मग कागदाकडे आणखी एकदा पाहिलं आणि अगदी नव्या माणसाला सांगावं तसं मला म्हणाले, "लॉट तं नापासच आहे. नगाचं पाहू."

बांधीतून काकू म्हणाल्या की बोलणं झालं असेल तर पेंडी फेका इकडं. काकाजींनी एक पेंडी उचलली. तिच्यातलं एक पऱ्हं उपसून मूळ पाहायला त्यांची बोटं गेली, तिथंच थांबली, आणि त्यांनी ती अख्खी पेंडी काकूंच्या पुढ्यात फेकली.